डीप स्पेस नाइनचा 'ड्युएट' : कारकुनाचा गुन्हा किती मोठा?

दुर्बीणवाला

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, खाली सगळी गोष्ट फोडलेली आहे. एपिसोड जून १९९३ चा आहे, एवढी वर्षं बघितला नाहीत तर अजून पाऊण तास काढा, बघून या आणि मग वाचा. नंतर माझ्या नावाने शंख करू नका.

आमच्या घरी सध्या 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' चं पारायण सुरू आहे. मी दुसऱ्यांदा बघतोय, लेक पहिल्यांदा. तिचं म्हणणं पहिला सीझन म्हणजे शिळी भाकरी आहे, आणि खरं सांगायचं तर मला वादही घालता येईना कारण मधले चार-पाच एपिसोड मी स्वतःच पेपर चाळत बघितले. पण सीझन संपता संपता, शेवटून दुसरा, 'ड्युएट' लागला आणि दहाव्या मिनिटाला बाईसाहेबांनी मोबाइल उपडा ठेवला. आमच्यात याला राष्ट्रीय सन्मान म्हणतात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाकीच्या ट्रेकमध्ये यान असतं, आज या ग्रहावर राडा, उद्या दुसरीकडे. इथे अंतराळातलं स्टेशन आहे, ते कुठे जात नाही, त्यामुळे कालची घाण उद्या दारातच पडलेली असते. स्टेशन बांधलं कार्डेशियन लोकांनी (त्या रिअ‍ॅलिटी शोवाल्या बहिणी नव्हेत, हा विनोद करून झालेला आहे, कृपया नको), नाव होतं टेरोक नोर, आणि तिथे बजोर ग्रहावरच्या माणसांना गुलामासारखं राबवून खनिज गाळायचे. जवळपास पन्नास वर्षं बजोर त्यांच्या टाचेखाली. मग ते निघून गेले, स्टेशन फेडरेशनने, म्हणजे पृथ्वीसह बऱ्याच ग्रहांच्या संघाने, चालवायला घेतलं, कमांडर सिस्को मुख्य आणि त्याच्या हाताखाली मेजर किरा नेरिस, बजोरची, अख्खं तरुणपण भूमिगत लढ्यात गेलेली. म्हणजे ज्या भिंतींमध्ये तिची माणसं मेली तिथेच आता तिची ड्युटी.

तर एका मालवाहू जहाजातून एक आजारी प्रवासी येतो. रोगाचं नाव काला-नोरा. हा रोग एकाच ठिकाणच्या लोकांना झालेला असतो, गालिटेप नावाची छळछावणी, तिथल्या खाणीतल्या एका अपघातात. किराने ती छावणी मोकळी होताना आत जाऊन बघितलेली असते. ती आनंदाने धावत दवाखान्यात जाते, कोणीतरी वाचलेला बजोरी असणार म्हणून. आणि पलंगावर कार्डेशियन. एका क्षणात तिचा चेहरा असा बदलतो ना, त्या एका शॉटवर वेगळा धागा निघेल.

कोठडीत टाकतात. तो म्हणतो मला तो रोगच नाही. आहे म्हटल्यावर म्हणतो बरं, होतो मी गालिटेपला, पण साधा कारकून होतो, नाव मारित्झा, फायली लावायचो, छळबिळ सगळ्या अफवा. मग जुना फोटो सापडतो, त्यात मारित्झा म्हणून भलताच माणूस, आणि हा जो कोठडीत बसलाय तो निघतो गुल (हा लष्करी हुद्दा) दार्हील, म्हणजे छावणीचा प्रमुख, गालिटेपचा खाटीक. मग हा जो सुटतो! किती मारले, कसे मारले, अभिमानाने सांगतो. किराला उलट विचारतो की तू किती कार्डेशियन मारलेस, त्यात साधी माणसं किती.

आणि मग ओडो, स्टेशनचा फौजदार, शोधून काढतो की दार्हील सहा वर्षांपूर्वीच मेलाय, अपघाताच्या दिवशी तो गालिटेपला नव्हताच, मायदेशी मेडल घेत होता, त्यामुळे त्याला हा रोग होणंच शक्य नाही. कोठडीतला माणूस खरोखरच मारित्झा. खरोखरच कारकून. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून, घरदार आवरून, मुद्दाम इथे पकडून घ्यायला आलेला, खाटीक म्हणून आपल्यावर खटला चालावा आणि आपल्या देशाला सगळ्या जगासमोर गुन्हा कबूल करावा लागावा म्हणून. रात्री किंकाळ्या ऐकू यायच्या तेव्हा तो पलंगाखाली शिरून कान झाकून रडायचा, एवढंच त्याने गालिटेपला 'केलं'.

किरा त्याला सोडून देते. बाहेर पडतो न पडतो तोच एक बजोरी दारुडा त्याच्या पाठीत सुरा घालतो. का, तर कार्डेशियन आहे, अजून काय कारण पाहिजे. आणि किरा, जिचं पहिल्या मिनिटाला हेच मत होतं, ती म्हणते नाही, हे कारण पुरत नाही. संपलं.

लेकीने विचारलं, "बाबा, पण मग तो गुन्हेगार होता का नव्हता?" मी म्हटलं उद्या सांगतो. तीन दिवस झाले. सांगा आता.

---

साबुदाणा

+१०० आणि वाचनखूण साठवली. हॅरिस यूलिन या नटाला काय म्हणावं! एकच माणूस तीन माणसं करतो. आधीचा तो लाळघोट्या, मग माजलेला, मग मोडलेला. नुसत्या खुर्चीत बसून. २०२५ मध्ये गेला तेव्हा मी पुन्हा हाच एपिसोड लावला होता.

---

तिरपागडा

एपिसोड चांगला आहे पण एवढा काही नाही हो. एक कोठडी, दोन माणसं, पाऊण तास बडबड. राज्य नाट्य स्पर्धेत दर वर्षी अशा पाच एकांकिका होतात, त्यातही एक आरोपी असतो आणि शेवटी तो आरोपी नसतोच.

शिवाय प्लॅन बघा ना. खटला सुरू झाला की कार्डेशियन सरकार पहिल्याच दिवशी सांगणार, आमचा दार्हील मेलाय, मी स्वतः अंत्यविधीला होतो. गुल दुकात, स्टेशनचा जुना कार्डेशियन प्रमुख, हेच तर सांगतो ओडोला! दोन मिनिटांत फुगा फुटला. पाच वर्षं तयारी केलेल्या माणसाच्या हे डोक्यात येत नाही?

---

दुर्बीणवाला

@तिरपागडा, कोठडी आणि दोन माणसं हे हौसेने नाही, सीझनच्या शेवटाला पैसे संपत आले होते, नवा सेट नको, स्फोट नकोत, असलेल्या भिंतींत काय ते बसवा असा प्रकार होता. म्हणून तर मजा आहे. पैसे असते तर गालिटेप दाखवलं असतं, फ्लॅशबॅक, धूर, चाबूक. आता ते दिसत नाही, फक्त मारित्झाच्या तोंडून ऐकायचं. त्यानेही ते ऐकलंच होतं, पलंगाखालून.

दुसरा मुद्दा मात्र मान्य. त्याचं उत्तर माझ्याकडे एवढंच की दुकातने सांगितलं तरी बजोरमध्ये कोणी विश्वास ठेवला असता? त्याने ते धरलं असणार. तो स्वतःच्या खऱ्या नावाने प्रवास करतो हे लक्षात घ्या. खरं नाव असं वापरलं की ते खोटं वाटावं!

---

एडिसनचा बंड्या

ट्रिव्हिया घ्या. किरा ही व्यक्तिरेखा मुळात असणारच नव्हती. 'नेक्स्ट जनरेशन' या आधीच्या ट्रेक मालिकेत रो लॅरेन नावाची बजोरी अधिकारी होती, तिलाच इकडे आणायचं ठरलं होतं, ती भूमिका करणारी मिशेल फोर्ब्स नको म्हणाली म्हणून नवीन पात्र लिहिलं आणि नाना व्हिजिटर आली. (हो, नाना. आमच्या घरी पहिल्यांदा टायटल्स बघताना आईने विचारलं होतं की हे नाना कोण पाहुणे.)

आणि 'ड्युएट' ची पटकथा पीटर अ‍ॅलन फील्ड्सची. नेक्स्ट जनरेशनच्या 'द इनर लाइट' च्या पटकथेतही त्याचा हात, आणि पुढे सहाव्या सीझनच्या 'इन द पेल मूनलाइट' ची मूळ कथाही त्याचीच. त्यातही खोटा पुरावा तयार करून एका अख्ख्या साम्राज्याला युद्धात ओढतात. म्हणजे खोट्याने चांगलं काम होतं का हा किडा या माणसाच्या डोक्यात जुना.

---

मिरजकर_श्टुटगार्ट

मी हा एपिसोड २०१५ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा बघितला, आणि इथे जर्मनीत तेव्हा ऑस्कर ग्र्योनिंगचा खटला रोज बातम्यांत होता, त्यामुळे माझ्या डोक्यात हे दोन्ही कायमचं चिकटून बसलंय.

ग्र्योनिंग म्हणजे आउशवित्झ या नाझी छळछावणीचा हिशेबनीस. एसएस या नाझी दलात होता पण काम कारकुनी, आलेल्या लोकांकडून काढून घेतलेले पैसे मोजायचे, चलनं वेगळी करायची, बर्लिनला पाठवायचे. कोणाला हात लावला नाही असं त्याचं म्हणणं. लुनेबुर्गच्या कोर्टाने जुलै २०१५ मध्ये तीन लाख लोकांच्या हत्येला साहाय्य केल्याबद्दल चार वर्षं दिली. वय ९४. तुरुंगात जायच्या आधीच २०१८ मध्ये वारला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. हा माणूस आधीच गप्प बसला असता तर बहुतेक कोणी विचारलंही नसतं. आउशवित्झ झालंच नाही म्हणणाऱ्या लोकांचा त्याला राग आला आणि तो बोलायला लागला, बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर सांगितलं की झालं, मी होतो तिथे, मी बघितलंय. आणि तेच बोलणं पुढे त्याच्या अंगाशी आलं. कोर्टात म्हणाला नैतिकदृष्ट्या मी दोषी आहेच, कायद्याने आहे का ते तुम्ही ठरवा.

दुसरी केस इर्मगार्ड फुर्खनर, श्टुटहोफ या नाझी छावणीच्या प्रमुखाची सेक्रेटरी, टायपिस्ट म्हणा. तेव्हा वय १८-१९, म्हणून ९६-९७ वर्षांच्या बाईवर खटला बालन्यायालयात चालला! पहिल्या तारखेला वृद्धाश्रमातून टॅक्सी करून पळाली, काही तासांत पकडली. डिसेंबर २०२२ मध्ये दोन वर्षं, स्थगित शिक्षा, दहा हजारांहून जास्त हत्यांना साहाय्य.

तर दुर्बीणवाले, तुमच्या लेकीला इथल्या कायद्याचं उत्तर सांगा : हो, कारकूनही गुन्हेगार. फक्त ते ठरवायला सत्तर वर्षं लागली आणि तोवर बहुतेक सगळे कारकून पेन्शन खाऊन मेले होते.

---

साबुदाणा

टॅक्सी करून?? ९६ व्या वर्षी?

---

आवकजावक

मी इथे सहसा फक्त वाचतो. पण विषय आमच्या जातभाईंचा निघालाय म्हणून लिहितो. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्यातली अकरा आवक-जावक. स्टार ट्रेक वगैरे कधी बघत नाही, नातवाने इथला धागा वाचून लावून दिला, खाली मराठी अक्षरं येत नव्हती तरी बरंच समजलं.

मला एक गोष्ट दिसली ती तुमच्यापैकी कोणी लिहिली नाही. पहिल्या चौकशीत तो मारित्झा आपल्या दप्तराबद्दल काय बोलतो बघा. माझी फायली लावायची पद्धत म्हणजे क्रांती होती, अजून सगळीकडे तीच वापरतात. किराला वाटतं हा विषय टाळतोय. तुम्हाला वाटतं हा सोंगाचा भाग. अहो, तो सोंगाचा भाग नाही! तेवढंच एक खरं आहे. चांगल्या कारकुनाला आपल्या दप्तराचा गर्व असतोच, तो काही केल्या लपत नाही. मी रिटायर झालो त्या दिवशी साहेबांनी शाल दिली त्याचं मला काही नाही, पण नवीन पोरगा म्हणाला की काका तुमच्या रजिस्टरात पाहिजे तो कागद दोन मिनिटांत सापडतो, ते अजून आठवतं.

आता विचार करा, त्या छावणीत फायली कसल्या होत्या? किती माणसं आली, किती कामाला लागली, किती कमी झाली, धान्य किती वाचलं. हे सगळं त्याच्या हातचं, सुवाच्य, क्रमवार. कारकुनाला सगळं माहीत असतं, साहेबापेक्षा जास्त. साहेब सही करतो आणि विसरतो, आम्ही नोंद करतो. कान झाकून किंकाळ्या थांबत असतील पण सकाळी टेबलावर आकडा येतोच ना? तो तर वाचावा लागतो, लिहावा लागतो. मला वाटतं तो किंकाळ्यांबद्दल रडला ते खरंच, पण दप्तराबद्दल रडला नाही. ते त्याला जमलं नाही.

चूकभूल द्यावी घ्यावी. मोबाइलवर लिहायची सवय नाही.

---

साबुदाणा

काका, दंडवत. लिहीत जा हो इथे.

---

नीलाक्षी_ठाणे

आवकजावक काका, अंगावर काटा आला. आणि तुमचंच पुढे नेते.

मला मारित्झाबद्दल सहानुभूती आहे पण त्याच्या प्लॅनचा मला प्रत्येक वेळी राग येतो, आणि तो तिरपागडा म्हणतात तसा लॉजिकचा राग नाही. समजा प्लॅन यशस्वी झाला. बजोरने त्याला दार्हील म्हणून फाशी दिली. म्हणजे इतिहासात काय नोंद झाली? खाटकाला शिक्षा झाली. अरे पण झालीच नाही! खरा खाटीक मेडल घेऊन, मानाने, आपल्या लोकांत मेला. हीच तर सगळ्यात मोठी लाज आहे कार्डेशियाची आणि मारित्झा नेमकी तीच पुसून टाकायला निघालाय. आणि उद्या हे फुटलं, फुटणारच होतं, तर गालिटेप खोटं म्हणणाऱ्यांना आयता पुरावा, बघा यांचा खाटीकसुद्धा नकली होता.

आता मिरजकरांचा ग्र्योनिंग बघा. तो माणूस म्हणून मला काही आवडत नाही, पण त्याने जे केलं ते मारित्झाच्या बरोबर उलट. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हुद्द्याने सांगितलं, मी पैसे मोजत होतो आणि हे हे झालं. मारित्झाकडे अख्खं दप्तर होतं डोक्यात. तो बजोरला येऊन म्हणू शकला असता, मी कारकून, बसा, लिहून घ्या, पहिल्या दिवसापासून सांगतो. त्याऐवजी त्याने मोठी भूमिका मागून घेतली. भित्रा कारकून म्हणून जगायचा कंटाळा आला म्हणून राक्षस होऊन मरायचं, आणि मारायचं काम कोणी करायचं तर बजोरी लोकांनी. गालिटेपमधून वाचलेल्या कोणाला विचारलं का त्याने की तुम्हाला हे नाटक हवंय का? किराची माहिती आधीच काढून ठेवली होती पठ्ठ्याने. म्हणजे तिचा राग तो साहित्य म्हणून वापरत होता.

किरा डॅक्सपाशी (स्टेशनवरची विज्ञान अधिकारी) कबूल करते ना, की तो दार्हीलच असावा असं मला वाटतंय, साधा कारकून निघाला तर मला काही मिळणार नाही. मला तो सीन शेवटच्या सुऱ्यापेक्षा जड जातो.

---

आवकजावक

नीलाक्षीताई, तुमचं पटलं, पण एक विचारतो. कारकुनाची साक्ष ऐकायला कोण येतं? मोठं नाव असेल तर गर्दी जमते. बाबू सांगतोय म्हटल्यावर पहिल्या दिवशी चार लोक, दुसऱ्या दिवशी शिपाई. त्याला हे पक्कं माहीत होतं.

---

मिरजकर_श्टुटगार्ट

काका, येतात ओ. १९६१ मध्ये जेरुसलेमला आइशमन या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला तेव्हा काचेच्या पेटीत कोण बसला होता? ज्यूंना छावण्यांत नेणाऱ्या गाड्यांची वेळापत्रकं लावणारा, कागद पुढे सरकवणारा अधिकारी. अर्थात तो साधा कारकून नव्हता, फार वरचा होता, आणि मी फक्त हुकूम पाळले हे त्याचं तुणतुणं कोर्टाने मानलं नाही, १९६२ मध्ये फाशी झाली. पण लोक काय बघायला गेले आणि काय दिसलं? राक्षस बघायला गेले आणि चष्मेवाला बाबू दिसला. मारित्झा बरोबर उलटं करतो, बाबू आहे आणि राक्षस दाखवतो. का तर बाबूने जग हादरत नाही असं त्याला वाटतं. मला वाटतं तिथेच चुकला, बाबूनेच जास्त हादरतं.

---

तिरपागडा

बरं बाबांनो, मी परत बघितला. एकांकिकेवाला शेरा मागे घेतो. लॉजिकवाला नाही घेत.

पण नीलाक्षी, तू फार कडक लावतेस. इतकी वर्षं रोज रात्री त्याच किंकाळ्या ऐकणारा माणूस नीट विचार करून साक्ष वगैरे देईल ही अपेक्षा आपण सोफ्यावर बसून करतोय. त्याला न्याय नको होता, त्याला थांबवायचं होतं ते सगळं डोक्यातलं.

---

नीलाक्षी_ठाणे

असेल. मग ते स्वतःपुरतं थांबवावं, देशाला धडा शिकवतोय असं म्हणू नये. (कडक नाही रे, माझी आजी अशीच बोलायची.)

आणि बघ, किराने त्याला सोडताना साधारण हेच सांगितलंय, कार्डेशिया बदलायचा असेल तर तुझ्यासारखी माणसं लागतील. म्हणजे जिवंत लागतील, मारित्झा म्हणून. तेवढं ऐकून तो बाहेर पडतो. त्याला वापरायला मिळालं किती, प्रोमेनाडवरची, म्हणजे स्टेशनच्या बाजाररस्त्यावरची, वीस पावलं.

---

एडिसनचा बंड्या

तो सुरा मारणारा कायनॉन एपिसोडच्या सुरुवातीलाच ओडोच्या ऑफिसात दिसतो, दारू उतरवायला टाकलेला, कार्डेशियनच्या शेजारी मला ठेवलं म्हणून ओरडत असतो आणि आपण हसतो. मी तर पहिल्यांदा बघताना विसरूनच गेलो होतो त्याला. परत बघाल तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवा, हसू येत नाही.

---

दुर्बीणवाला

लेकीला सगळा धागा वाचायला दिला. तिचा निकाल असा : दोषी आहे, पण गालिटेपसाठी फाइलवाला म्हणून, खाटीक म्हणून नाही, आणि आवकजावक काका बरोबर आहेत. मग विचारलं की ओडोला या खुनाचा रिपोर्ट लिहावा लागला असेल ना, त्यात नाव काय लिहिलं असेल. मी म्हटलं काकांना विचारतो.

---

आवकजावक

मयताचे नाव : आमिन मारित्झा. व्यवसाय : कारकून. खरं तेच लिहितात त्या रकान्यात, दुसरं लिहिलं तर कागद परत येतो.

नातू म्हणतो पुढचा सीझन जास्त चांगला आहे. मला ती पहिल्यापासूनची लढ्याची भानगड समजलेली नाही तरी चालेल का?

---

साबुदाणा

चालेल काका, पण पहिला एपिसोड 'एमिसरी' बघून घ्या आधी, दीड तासाचा आहे. मधले काही सोडलेत तरी कोणी विचारणार नाही. एकात सगळे बसून बोर्ड गेममध्ये अडकतात, तो तर नक्की सोडा.

---

तिरपागडा

ए, तो चांगला आहे!